राखणदाराची विडी

मी आयुष्यात एकही विडी किंवा सिगरेट ओढलेली नाही. ही बढाई नव्हे. धुरानं मला मळमळतं, एसटीत कोणी काडी ओढली तरी मी खिडकीकडे सरकतो, एवढंच त्याचं कारण. पण त्यामुळे झालं असं की ओढणाऱ्या माणसाबद्दल मला भलतंच कुतूहल. आणि त्याहून जास्त सोडणाऱ्याबद्दल. पंचवीस वर्षं रोज विड्या फुंकणारा माणूस एक दिवस थांबतो आणि थांबलेलाच राहतो, म्हणजे नेमकं काय होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तो काय करतो? हात कुठे ठेवतो? माझी बायको म्हणायची, तुम्हाला दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी विचारायचा पगार मिळतो, हे तुमचं नशीब.

ते खरंच होतं. मी आरोग्यसेवक होतो. १९९८ मध्ये आचऱ्याच्या बाजूला एका उपकेंद्रात बदली झाली आणि २०१० मध्ये तिथूनच निवृत्त झालो. आरोग्यसेवक म्हणजे काय, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. डॉक्टर नव्हे. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, घरोघर फिरायचं आणि फिरलो याची खूण म्हणून भिंतीवर खडूनं तारीख घालून सही करायची. पावडर टाकली की पाण्याला वास येतो म्हणून बायका शिव्या घालत. सही केली की नव्या रंगाची भिंत खराब केली म्हणून पुरुष शिव्या घालत. तरी दारात गेलं की “डॉक्टरानु, बसा” म्हणून पाट पुढे यायचाच. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून शेवटी मी सांगायचं सोडून दिलं.

या फिरण्यात मी एक नाद लावून घेतला. पिशवीतल्या वहीची मागची पानं मी विडी-सिगरेट सोडलेल्या माणसांसाठी राखून ठेवली. भेटला सोडलेला माणूस की बसायचं आणि विचारायचं, कशी सोडलीत? लोक आधी हसत. मग सांगायला लागले की थांबत नसत. आणि उत्तरं अशी, की आमच्या आरोग्यखात्याच्या कुठल्याही पोस्टरवर ती सापडायची नाहीत. आंबोलीचा एक एसटी ड्रायव्हर सासुरवाडीला आला होता. तो म्हणाला, मी कुठे सोडली, पावसानं सोडवली. आंबोलीच्या पावसात खिशातली काडेपेटी चार महिने ओली. दर खेपेला कोणाकडे तरी विस्तव मागायचा, त्याचा कंटाळा आला. दसऱ्याला ऊन पडलं, काडी पेटायला लागली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आठवणच येत नाही. देवगडचा एक आंबेवाला होता. पिकत घातलेल्या आंब्यांच्या गवतात त्याची सिगरेट पडली. जळलं फारसं नाही, पण त्या अढीतले आंबे मुंबईहून परत आले, धुराचा वास मारतो म्हणून. त्या रागानं त्यानं सोडली. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवून सांगितलं तेव्हा नाही, आणि आंब्याला वास लागला तेव्हा! माणूस कशाला घाबरेल हे वरून सांगता येत नाही, एवढं मी त्या वहीतून शिकलो.

पण या सगळ्यांत मला ज्याची गोष्ट सांगायची आहे तो भिकाजी. ती सांगताना मला माझीच थोडी लाज वाटते. ती का, ते पुढे येईल.

भिकाजी रापणकर होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात लांबवर टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून तीसचाळीस माणसं ते वाळूवर खेचतात. मला वाटायचं, यात खेचणं सगळ्यात कठीण. भिकाजी म्हणायचा, खेचणं काहीच नाही, कठीण ते वाट बघणं. जाळं पडेपर्यंत सगळे वाळूत बसतात आणि बसलं की विडी निघते. तो चौदाव्या वर्षापासून त्या वाळूत बसलेला. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा चाळिशीचा होता. बायको जयवंती आचरा तिठ्यावर मासे विकायची आणि एक मुलगी शाळेत.

त्याच्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं. त्याला वाटलं शिंपला लागला. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी पाय हातात घेतला, घोट्यापाशी नाडी चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, विडी किती? हा एक आजार आहे, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना होतो, तेही तरुणपणी. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आखडत जातात, रक्त टोकापर्यंत पोचत नाही आणि बोटं मरायला लागतात. वेदना अशी की माणूस पाय उराशी धरून बसतो. याला खरं औषध एकच, तंबाखू पूर्ण बंद. कमी करून चालत नाही. दिवसाला एक ओढली तरी आजार जागा राहतो. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात त्याचं ते बोट काढलं आणि तिथल्या सर्जननं हातानं गुडघ्याखाली रेघ मारून दाखवली, विडी चालू राहिली तर पुढच्या वेळी इथून.

भिकाजीनं विडी सोडली. घरी आला त्या दिवसापासून. मी ड्रेसिंगचं सामान घेऊन त्याच्याकडे जायचो, कारण केंद्रापर्यंत त्याला चालवत नव्हतं. जखम भरायला लागली. मी खूश. वहीत त्याच्या नावाचं पान उघडलं. आणि तीन महिन्यांनी शेजारचं बोट निळसर दिसायला लागलं.

मॅडम माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, तो चोरून ओढतोय, आणि तुम्ही त्याच्या पडवीत बसून चहा पिताय. मी भिकाजीला विचारलं. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ओढत नाही. बापानं असं सांगितल्यावर पुढे काय बोलणार? पण माझ्या डोक्यातून जाईना. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला, उशीचा घेतला, शेजाऱ्यांना खोदून विचारलं. सगळे म्हणाले, नाही हो, त्यानं खरंच सोडलीय. शेवटी नाक्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार सहज म्हणाला, भिकाजी ना, महिन्याला एक बंडल नेतो.

मी तडक त्याच्या घरी गेलो. माझा आवाज चढला असावा, कारण जयवंती आतून बाहेर आली. भिकाजीला जराही शरम वाटली नाही.

“ती माझी नाय, डॉक्टरानु. ती राखणदाराची.”

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. घराची, बागेची, वाटेची तो राखण करतो, अशी समजूत. त्याला देवळातल्या देवासारखं दूधफूल लागत नाही. कोंबडा, जाड भाकरीचा रोट, विडी असं जे गड्यामाणसाला आवडेल ते त्याला आवडतं. भिकाजीच्या माडांच्या मागे उंडीच्या झाडाखाली त्याचा पाषाण होता. बोट काढायला गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी भिकाजीनं तिथे नवस केला होता, माझा पाय राख, आजपासून माझी विडी तुला. त्याच्या हिशेबानं त्यानं आपली विडी देवाला देऊन टाकली होती, रोज संध्याकाळी एक. मला तर त्या क्षणी त्याचं कौतुकच वाटलं. सोडायची याहून चांगली रीत माझ्या वहीत नव्हती. म्हटलं, दाखव मला.

संध्याकाळचा समुद्रावरचा वारा सुटला होता. भिकाजीनं पाषाणापुढे चप्पल काढली, नमस्कार केला, कानामागची विडी तोंडात धरली आणि काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली. विडीचं एक असतं, सिगरेटसारखी ती आपली आपण जळत राहत नाही. ओढत राहावं लागतं, नाहीतर विझते. आणि विझलेली विडी राखणदारापुढे ठेवायची म्हणजे अपमान. म्हणून भिकाजी ती चांगली लाल होईपर्यंत ओढायचा. मी मोजलं नाही, पण तीनचार झुरके सहज झाले असतील. तिसऱ्याला त्याचे डोळे मिटले. मग त्यानं ती दोन्ही हातांनी अलगद पाषाणावर ठेवली.

मी म्हटलं, अरे भिकाजी, ही तूच ओढतोयस.

“मी खंय ओढतंय? मी पेटवतंय.”

तो खोटं बोलत नव्हता. आजवर इतक्या लोकांशी बोललो, पण इतका प्रामाणिक माणूस आणि इतकी सरळ चूक एकत्र कुठे पाहिली नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं सांगितलं ते त्याच्यापुरतं शंभर टक्के खरं होतं, आणि त्याच नवसापायी त्याचा पाय जात होता.

मॅडम म्हणाल्या, त्याला सांगा, देवाला अगरबत्ती लाव म्हणून, त्यात काय एवढं. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! नवस म्हणजे शब्द. तो एकट्यानं बदलता येत नाही, ज्याला दिला त्याला विचारावं लागतं. भिकाजी मला म्हणाला, पाय गेला तर कुबडी घेईन, पण त्याच्याशी लबाडी करणार नाही. मी गावातल्या बाबी घाडींकडे गेलो. सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. मी सरकारी माणूस असा कौल लावायला आलेला बघून म्हातारा मनापासून हसला आणि म्हणाला, बुधवारी येतो.

कौल म्हणजे पाषाणावर भिजलेले तांदळाचे दाणे दोन्ही बाजूंना चिकटवायचे आणि प्रश्न घालायचा. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. घाडींनी विचारलं, न पेटवलेली विडी चालेल का? डावा पडला. अगरबत्ती चालेल का? पुन्हा डावा. भिकाजीचं तोंड उतरलं. आणि मी, ज्यानं गावोगाव अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली, तो एका तांदळाच्या दाण्याकडे डोळे लावून उकिडवा बसलेला. तेव्हा मला सुचलं. हे मला सुचलं, दुसऱ्या कोणाला नाही, म्हणून स्वच्छ लिहितो. मी म्हटलं, घरातल्या दुसऱ्या माणसानं पेटवली तर? घरात दुसरं मोठं माणूस एकच. घाडींनी जयवंतीकडे बघितलं, तिनं पदर खोचला आणि मान हलवली. प्रश्न घातला. उजवा दाणा टपकन पडला.

त्या संध्याकाळी आम्ही किती हसलो! जयवंतीनं जन्मात विडी धरलेली नव्हती. भिकाजी लांब उभा राहून तिला शिकवत होता, ओढ गो, पण भुतूर घेव नको, तोंडातच ठेव. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, विडी दोनदा पडली. तिसऱ्यांदा पेटली. मी घरी जाऊन वहीत दोन पानं भरून लिहिलं.

आणि पाय वाचला. दुसरं बोट अर्धं गेलं, पण पुढे काळा रंग चढला नाही. जखम भरली. वर्षभरात भिकाजी रापणीवर परत गेला. इतरांबरोबर वाळूत बसलं की हात खिशाकडे जातो, हे त्याला कळलं होतं. म्हणून त्यानं न बसायचं काम मागून घेतलं, उंच टेकाडावर उभं राहून पाण्यावर माशांच्या थव्याचा काळोखा कुठे दिसतो ते बघायचं. मला तो म्हणाला होता, सोडणं एका दिवसाचं, पण वाट बघणं रोजचं. हे वाक्य मी पुढे प्रत्येक सभेत वापरलं. भिकाजीला घेऊन मी दुसऱ्या गावांत गेलो. तो चप्पल काढून पाय दाखवायचा, मी राखणदाराची गोष्ट सांगायचो, लोक पोट धरून हसायचे आणि दोघेतिघे खिशातलं बंडल माझ्या टेबलावर ठेवून जायचे. माझा भाव वधारला. मॅडमची बदली झाली, नवे डॉक्टर आले, तेही म्हणायला लागले, तुमचा तो भिकाजी आणा. आठ वर्षं हे चाललं.

निवृत्तीच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला घरोघर फिरलो. भिकाजीच्या पडवीत जयवंती मासळीची पाटी धूत होती. तिला खोकला झाला होता. हा खोकला मी आधीही ऐकला असणार. किती दिवस आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, पाऊस संपल्यापासून. नियमाप्रमाणे मी पिशवीतून क्षयासाठी थुंकी तपासायची डबी काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती हातानं मागे सारली.

ती म्हणाली, हा तो खोकला नाही. मग तिनं आत बघितलं, घरात कोणी नाही याची खात्री केली आणि सांगितलं. पहिली दोन वर्षं तिनं धूर तोंडातच ठेवला. मग एक दिवस तो आत गेला. बरं वाटलं. मासळीच्या लिलावाला पहाटेपासून ताटकळत उभं राहायचं, तिथे एक ओढायला लागली. मग दुपारी एक. आता दोन दिवसांना एक बंडल लागत होतं. मी म्हटलं, भिकाजीला वास कसा आला नाही? तर म्हणे, रोज संध्याकाळी मी पेटवतेच, वास यायचाच. आणि बाकीचा वास मासळी खाते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

तिनं पाटी उपडी ठेवली. “सगळ्यांका इचारत फिरलास, विडी कशी सोडलास म्हणान. माका एकदा तरी इचारलास?” मग म्हणाली, “माका सोडूची आसा. पण मी सोडलंय तर पेटवतलो कोण? ह्येच. मगे ह्येंच्या पायाचा काय?”

इतकी वर्षं ती बाई हे एकटीनं वागवत होती. नवऱ्याचा पाय तिच्या तोंडातल्या विडीवर उभा होता आणि ती विडी तिथे मी ठेवली होती. पेटवणं म्हणजेच ओढणं, हे ज्या माणसानं शोधून काढलं, त्यालाच पुढच्या माणसाच्या बाबतीत ते कळलं नाही. जयवंती माझ्या वहीत कुठेच नव्हती, भिकाजीची बायको एवढ्या उल्लेखापलीकडे. मला तिची माफी मागावीशी वाटली आणि मी मागितली. तिनं चहा ठेवला.

पुढचं आधीच सांगून टाकतो, उगाच टांगून ठेवत नाही. जयवंतीची विडी सुटली. सहज नाही. दोनदा तिनं परत धरली, दोनदा मी निवृत्त माणूस एसटीनं तिच्याकडे गेलो, आणि दीड वर्ष गेलं. आता ती ओढत नाही आणि तो खोकलाही गेला. पण तिनं कशी सोडली हे कोणी विचारलं तर मला निरोपाच्या त्याच संध्याकाळचं सांगावं लागतं.

भिकाजी किनाऱ्यावरून आला तेव्हा जयवंतीनं स्वतःच त्याला सांगितलं. मी होतो, म्हणून तिला धीर आला असेल. तो पायरीवर बसून ऐकत होता. रागावला नाही. आपल्या बोटं गेलेल्या पायावरून नुसता हात फिरवत राहिला. मग उठला आणि माडांतून मागे गेला. आम्ही दोघं त्याच्यामागे. मला वाटलं, तो आता स्वतःच पेटवणार. मी त्याचा हात धरायच्या तयारीत होतो.

त्यानं घाडींना बोलावलं नाही, कौल लावला नाही. चप्पल काढून पाषाणापुढे उभा राहिला, हात जोडले आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं.

“बा राखणदारा म्हाराजा, ह्या जाग्यार तुझी सत्ता आसा. मी माझी विडी तुका दिलंय, तू माझो पाय राखलंस. तुझे माझ्यार उपकार आसत. पण तुका पेटवता पेटवता माझ्या बायलेक ती लागली. तिची सुटूक व्हयी. तर आजपासून तू पण विडी सोड. पयले आठ दिस जड जातले, माका म्हायत आसा. दाताखाली लवंग धर. चाय पिल्यार बसा नको, उठान फिर. मगे सुटता. मी सोडलंय, तू तर देव. तू सोड, रे म्हाराजा.”

गाऱ्हाणं संपलं की जमलेल्या माणसांनी होकार द्यायचा असतो, तो दिल्याशिवाय ते पुरं होत नाही. जमलेले आम्ही दोघंच. मी जयवंतीकडे बघितलं. जयवंतीनं खोकला आवरला, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “व्हय, म्हाराजा.”